पडद्याचे स्पीकर आणि साडेतीन फुटांचा हिशेब

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घ्यावेत का, असं तू फोनवर विचारलंस. तेही ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये. मामाचा सगळा जन्म लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत लोकांचे ॲम्प्लिफायर उघडण्यात गेला, तेव्हा तो एका शब्दात हो किंवा नाही सांगून मोकळा होईल, अशी तुझी अपेक्षा असणार. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्या घरातल्या मोजपट्टीकडे आहे. ती कशी लावायची, तेवढं मी सांगतो. जावईबापूंनाही वाचून दाखव, कारण यातल्या निम्म्या गोष्टी सोफा कुठे जाणार याबद्दलच्या आहेत.

आधी वस्तू ओळख

नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा कोन असतो, मागे कॉइल आणि लोहचुंबक, आणि सगळ्याला धरून ठेवणारी पेटी. इथे पेटीच नाही. काही मायक्रॉन जाडीचा पॉलिएस्टरचा पडदा ताणून बसवलेला असतो. त्याच्या पुढेमागे छिद्रं पाडलेले धातूचे पत्रे असतात, त्यांना स्टेटर म्हणतात. पडद्यावर काही हजार व्होल्टचा भार कायम ठेवतात. ॲम्पकडून आलेला सिग्नल पायथ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून वाढून दोन्ही पत्र्यांवर जातो आणि पडदा त्यांच्यामध्ये मागेपुढे खेचला जातो. पडद्याला वजन जवळजवळ नाहीच. त्यामुळे स्वर सुरू होताना तो आळस करत नाही आणि संपल्यावर रेंगाळत नाही. ज्याने एकदा या स्पीकरवर तानपुऱ्याची जवारी ऐकली, त्याला पेटीतला आवाज पेटीतला वाटू लागतो. तुझंही तेच झालंय, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं.

पण पेटी नाही म्हणजे पडद्याचा आवाज जितका पुढे येतो तितकाच मागेही जातो, आणि मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलट असतो. पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो. कडेला हे दोन्ही एकमेकांना मारतात, म्हणून बाजूला जवळपास काहीच ऐकू येत नाही. मागे जाणारा आवाज, कडेची शांतता आणि हजारो व्होल्ट, या तीन गोष्टी लक्षात ठेव. पुढचं सगळं त्यांतूनच निघतं.

स्पीकरच्या आधी भिंतीकडे बघ

खोली लहान म्हणजे स्पीकर चालणार नाहीत, असं लोक म्हणतात. तसं नाही. लहान खोलीतही ते उत्तम वाजतात, फक्त मागच्या भिंतीपासून त्यांना दूर उभं करावं लागतं. किमान एक मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वातीन फूट. मी साडेतीन फूट धरतो.

कारण सांगतो. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो. स्पीकर भिंतीपासून फूटभर अंतरावर असेल, तर जाऊन-येऊन दोनच फूट. तो आवाज दोन हजारांश सेकंदांच्या आतच मूळ आवाजात मिसळतो आणि कानाला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. गाणाऱ्याचा चेहरा पुसल्यासारखा होतो. साडेतीन फुटांवर ठेवलास तर परतायला सहा हजारांश सेकंद लागतात. मग कान त्या परतीच्या आवाजाला खोलीचा मोकळेपणा म्हणून स्वीकारतो.

दुसरं कारण खर्जाचं. परत येणारी लाट उलटी असते हे विसरू नकोस. अंतर फूटभर असेल तर ९०–१०० हर्ट्झच्या खालचा आवाज ती खाऊन टाकते. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, आणि त्या तानपुऱ्याची खर्जाची तार निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. भिंतीला चिकटवलेल्या पॅनेलवर, म्हणजे या पडद्याच्या स्पीकरवर, हीच तार बारीक पडते. साडेतीन फुटांवर आणलंस की तीच परतीची लाट त्याच तारेला हातभार लावते. स्पीकर तोच, ॲम्प तोच, फक्त जागा बदलली.

कागदावर खोली मांड

१० बाय १२ फुटांची खोली घे. लांबीच्या दिशेने मोज: मागे साडेतीन फूट, स्पीकरपासून तुझ्या खुर्चीपर्यंत सात फूट, तुझ्या डोक्यामागे दीड फूट. झाले बारा. रुंदीत दोन स्पीकरांच्या मध्यांत सहा फूट अंतर ठेव, दोन्ही कडांना दोन-दोन फूट उरतात. पेटीच्या स्पीकरला कडेची भिंत इतकी जवळ आलेली खपत नाही. पॅनेल कडेला गप्प असतं, म्हणून इथे खपते. लहान खोलीत हा त्याचा मोठा फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

म्हणजे १० बाय १२ मध्ये बसतात. पण आता त्या खोलीत आणखी काय आहे ते बघ. बेडरूम असेल तर सहा बाय साडेसहाचा पलंग मधोमध आहे आणि एका भिंतीला कपाट. तिथे विचारही करू नकोस. हॉल असेल तर बाहेरचं दार, स्वयंपाकघराकडे जाणारी वाट, बाल्कनीचं दार, टीव्ही आणि जेवणाचं टेबल. साडेतीन फूट सोडायचे म्हणजे हॉलचा जवळजवळ एक तृतीयांश भाग स्पीकरच्या मागे जातो. तिथे फार तर एक बुटकं पुस्तकांचं कपाट राहील. ही किंमत द्यायची तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे. पैशांचा प्रश्न नंतरचा.

पुठ्ठे उभे कर

पैसे देण्याआधी फ्रिजच्या खोक्याचे दोन पुठ्ठे काप, स्पीकरच्या मापाचे. क्वाड कंपनीचं जुनं मॉडेल साधारण ८८ सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम ८० सेंटीमीटर उंच असतं, आडवं, जुन्या इंग्लिश घरातल्या हीटरसारखं दिसणारं. क्वाडचं पुढचं ईएसएल-६३ उभं, ६६ सेंटीमीटर रुंद. मार्टिन लोगन कंपनीचं इलेक्ट्रोमोशन सव्वाचार फुटांपेक्षा किंचित उंच, पण रुंदी फक्त नऊ इंच. जे घ्यायचं त्याच्या मापाचे पुठ्ठे ठरलेल्या जागी उभे कर आणि आठवडाभर तसेच राहू दे. केर काढताना काय होतं, बाई लादी पुसताना काय म्हणते, सासूबाई आल्या की त्यांना देवघरापर्यंत सरळ जाता येतं का, हे बघ. तिसऱ्या दिवशी कुणी पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला, तर खरा स्पीकरही तसाच टेकवला जाईल.

मागे काय असावं

मागे मोकळी प्लास्टरची भिंत असेल तर चालेल, पुस्तकांचं भरलेलं कपाट असेल तर उत्तम, कारण लहानमोठ्या आकाराची पुस्तकं परतीचा आवाज विखरून टाकतात. कापडी पडदा लावशील तर तो फक्त वरचे बारीक सूर शोषून घेईल आणि खालचे तसेच ठेवेल. म्हणून एकदम जाडजूड पडदे घेऊ नकोस. पुढे जमिनीवर एक चटई किंवा सतरंजी मात्र हवी. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्स फार चकचकीत असतात आणि त्यांच्यावरून आवाज उसळतो. मागे काचेची सरकती खिडकी असेल तर जागा बदल. आणि बाल्कनीच्या उघड्या दाराकडे पाठ करून स्पीकर कधीच ठेवू नकोस. जितका आवाज तू ऐकशील तितकाच समोरच्या इमारतीला ऐकू जाईल, आणि त्यांनी तो मागितलेला नाही.

खोलीत उभी राहून एकदा जोरात टाळी वाजव. टाळीमागोमाग झणझण ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या आहेत. तिथे आधी काहीतरी ठेव, मग स्पीकरचं बघ.

तुझं गाणं कोणतं

तू ख्याल, ठुमरी, नाट्यगीतं, भावगीतं ऐकतेस. सतार, सरोद, बासरी, मधूनच पियानो. यातलं बहुतेक सगळं पॅनेलच्या हातातलं आहे. बाईंचा काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास, त्याचा खर्ज १०४ वर. बुवांचा खर्ज ६९ वर. चांगलं पूर्ण पॅनेल, म्हणजे वूफर नसलेलं, याच्याही खाली, पन्नासच्या अलीकडेपलीकडे जातं. म्हणजे आपल्या बैठकीच्या गाण्याला ते कमी पडत नाही.

जावईबापूंना ढोल-ताशा, डीजेचा ठोका, सिनेमातले स्फोट आवडत असतील, तर पूर्ण पॅनेल विसरा. पडद्याला फार लांब हालता येत नाही. जबरदस्ती केलीस तर ठिणगी पडते किंवा संरक्षण सर्किट आवाज कापतं. अशा घरासाठी वर पॅनेल आणि खाली पेटीतला वूफर असा संकर असतो. इलेक्ट्रोमोशनमध्ये आठ इंची वूफर ५०० हर्ट्झच्या खालचं काम करतो आणि वरचं पॅनेल. त्यात ठोका मिळतो, जागाही कमी लागते. पण वूफर पेटीत असल्यामुळे तो खोलीच्या लांबी-रुंदीवर घुमतो. बारा फुटांच्या लांबीला ४७ हर्ट्झ, दहा फुटांच्या रुंदीला ५६ हर्ट्झ, असे घुमण्याचे ठरलेले सूर असतात. वूफर त्यांना जागं करतो. पूर्ण पॅनेल कडेला गप्प असल्यामुळे रुंदीचा सूर जवळजवळ जागा होत नाही. म्हणून लहान खोलीत पूर्ण पॅनेलचा खर्ज कमी असला तरी स्वच्छ असतो. तुझ्या गाण्याला मी तो जास्त मानतो.

ऐकणारे किती

सपाट पॅनेलचे वरचे सूर सरळ रेषेत जातात. मधल्या खुर्चीवर बसलीस तर मैफल, शेजारच्या खुर्चीवर सरकलीस तर गाणारा एका बाजूला गेलेला. उभी राहिलीस तर जवारी मावळते. पीटर वॉकर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हंटिंग्डनला क्वाडचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ साली बाजारात आणला, त्यात हा दोष होताच. पुढच्या मॉडेलवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९८१ साली आलेल्या ईएसएल-६३ मध्ये पडद्याला वर्तुळाकार कड्यांत विभागून प्रत्येक कड्याला थोडा उशीर दिला. त्यामुळे आवाज पॅनेलच्या मागच्या एका बिंदूतून पसरल्यासारखा येतो आणि एका खुर्चीऐवजी दोन-तीन माणसांना पुरतो. अमेरिकेत मार्टिन लोगनने दुसरी वाट धरली आणि पॅनेललाच वक्र आकार दिला.

तुम्ही दोघं सोफ्यावर शेजारी बसून ऐकणार असाल, तर सपाट जुनं मॉडेल घेऊ नका, वक्र किंवा कड्यांचं घ्या. जेवता जेवता, स्वयंपाक करता करता, इस्त्री करता करता गाणं ऐकायचं असेल, तर यातलं काहीच घेऊ नका. हा स्पीकर समोर बसून ऐकणाऱ्याचा आहे.

एक गंमत सांगतो. तो पहिला क्वाड आला तेव्हा घराघरांत स्टिरिओ नव्हताच, स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास आल्या. म्हणजे तो एका घरात एकच ठेवायचा म्हणून बनवला होता. तुझ्याकडे अब्दुल करीम खाँ, केसरबाई, बालगंधर्व यांची जुनी ध्वनिमुद्रणं असतील. ती सगळी मोनो आहेत. जुन्याच गाण्याची हौस असेल आणि जागा एकाच पॅनेलची असेल, तर एकच घे आणि त्याच्यासमोर बस. दोनांसाठी घर उलटं करण्यापेक्षा एकाला नीट जागा देणं शहाणपणाचं.

शेजाऱ्यांचा विचार

सोसायटीत भांडणं गाण्यापेक्षा ठोक्यावरून होतात. स्लॅबमधून जातो तो खर्ज. पूर्ण पॅनेलमध्ये तो मुळात मर्यादित आणि कडेला तर नाहीच, म्हणून कडेच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला त्रास कमी. मागच्या भिंतीपलीकडे मात्र कुणाची बेडरूम आहे ते आधी विचार. संकराचं मॉडेल घेतलंस तर वूफरखाली जाड रबर दे. रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्याने रात्र आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. चांगल्या पॅनेलची खुबी अशी की ते हळू आवाजातही तपशील सोडत नाही. रात्री हळू लावून ऐकणाऱ्याला ते जास्त मानवतं.

ॲम्पकडे आधी बघ

हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून इथे जरा थांबतो. पॅनेल म्हणजे विजेच्या भाषेत एक मोठा कंडेन्सर. स्वर जितका वर, तितका त्याचा अडथळा कमी. २०,००० हर्ट्झला तो एक-दोन ओहमपर्यंत, काही मॉडेलमध्ये त्याहूनही खाली जातो. ज्या ॲम्पवर 'किमान ६ ओहम' लिहिलंय त्याला हे झेपत नाही. टीव्हीसोबत घेतलेला होम थिएटर रिसीव्हर बहुतेक इथेच तापतो, बंद पडतो किंवा वरचे सूर किरटे करतो. दुकानदाराला वॉट विचारू नकोस, 'दोन ओहमवर स्थिर राहतो का' असं विचार. तो गडबडला तर पुढचं दुकान बघ.

आणि उलट चूकही करू नकोस. जुन्या क्वाडला वॉकरांनी १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प जोडायचं ठरवलं होतं. त्याला आजचा दोनशे वॉटचा ॲम्प लावून हौसेने आवाज वाढवलास, तर पडद्यात ठिणगी पडून भोक पडतं, आणि ते भोक पुन्हा बुजत नाही.

प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र प्लग लागतो, हेही विसरू नकोस. वीज फारशी खात नाही, पण भिंतीपासून साडेतीन फुटांवर उभ्या केलेल्या स्पीकरकडे जाणारी वायर वाटेत येते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती कडेने पट्टीत घालून घे. अर्थिंग तपासून घे. मागचं झाकण मात्र कुणीही उघडायचं नाही, प्लग काढल्यावरसुद्धा नाही. भार आत बराच वेळ टिकून राहतो.

हवा, फोडणी आणि धूप

भारलेला पडदा धूळ ओढतो, आणि दमट हवेत त्याचा भार गळतो. ठाण्याच्या पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा एखादा स्पीकर सुर्र सुर्र करू लागतो, तडतडतो, किंवा एका बाजूचा आवाज हळूहळू बारीक होतो. खोलीत एसी असेल तर पावसाळ्यात ऐकण्याआधी थोडा वेळ ड्राय मोडवर चालव. नसेल तर खिडकीजवळची जागा टाळ.

वन बीएचकेत स्वयंपाकघर आणि हॉल वेगळे असले तरी हवा एकच. फोडणीचा तेलकट धूर, उदबत्ती, गणपतीतला धूप हे सगळं पडद्यावर जाऊन बसतं, आणि तेलावर बसलेली धूळ सहजासहजी निघत नाही. चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू ठेव, देवघर आणि स्पीकर एका भिंतीला ठेवू नकोस. झुरळाचा स्प्रे, रूम फ्रेशनर असं काही जवळ फवारू नकोस. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी जाड चादरीने झाक. शेजारच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट सुरू असेल, तर सिमेंटची धूळ बसेपर्यंत खरेदी पुढे ढकल. त्याने तुझं काही बिघडत नाही.

डास, चिलटं, पालीचं पिल्लू कधी आत शिरलं तर डास मारायच्या रॅकेटसारखा चट्ट आवाज येतो. घाबरू नकोस, पण रोज येत असेल तर दाखव. साफसफाई अशी: प्लग काढ, रात्रभर राहू दे, सकाळी व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश पुढून हलकेच फिरव. ओलं फडकं नाही, कॉलिन नाही. घरात मांजर असेल तर मला आधी सांग. नखं आणि छिद्रांचा पत्रा यांचं जमत नाही.

जुनं घ्यायचं असेल तर

जुनं पॅनेल वाईट नसतं, पण पडद्याला वय असतं. आवरणाचा थर झिजतो, डिंक सुटतो. दहा-पंधरा-वीस वर्षांनी पडदा बदलावा लागतो, आणि नवीन पॅनेल बहुधा परदेशातून मागवावं लागतं, त्यावर कस्टम ड्यूटी. तो खर्च किमतीत धर.

बघायला जाशील तेव्हा पावसाळ्यात जा. जानेवारीत बरं वाजणारं पॅनेल ऑगस्टमध्ये खरं रूप दाखवतं. विक्रेत्याला सांग की स्पीकर तासभर आधीच चालू करून ठेवा. मग गाणं मोनो कर, दोन्ही स्पीकर सारखेच मोठे वाजतात का ते ऐक, नंतर वायरी बदलून पुन्हा ऐक. कमी आवाज वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष ॲम्पचा, तिथेच राहिला तर पडद्याचा. नंतर गाणं बंद करून कान जवळ ने. पूर्ण शांतता हवी, सुर्र नको. टॉर्च मागून लावून पडद्यात भोक आहे का बघ. शेवटी तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून आवाज हळूहळू वाढव. पडदा सैल असेल तर तो फडफडतो, ते कानाला लगेच कळतं.

दुकानात नाही, घरी ऐक

दुकानाची खोली तुझ्या दुप्पट असते, तिथे सगळंच सुरेख वाजतं. दोन दिवस घरी द्यायला तयार असेल त्याच्याकडूनच घे. संध्याकाळी सात वाजता ऐक, जेव्हा कुकरच्या शिट्ट्या आहेत, खालून रिक्षा जाताहेत आणि पंखा पाचावर आहे. पंख्याच्या आवाजात पडद्याची बारीक कलाकुसर बुडते. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणं तुला जमणार नसेल आणि एसी नसेल, तर ज्या तपशिलासाठी एवढा खर्च करणार, तो वर्षातले चार महिने ऐकूच येणार नाही.

नाहीच जमलं तर

मॅग्नेपॅनचे स्पीकर दिसायला असेच पातळ असतात, चुंबकावर चालतात, प्लग लागत नाही, दमट हवेला घाबरत नाहीत. पण आवाज मागेही जातोच, त्यामुळे साडेतीन फुटांची अट तिथेही तीच. जागेचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

साडेतीन फूट सुटतच नसतील तर लहान पेटीचे चांगले मॉनिटर घे. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर प्रसारणाच्या गाडीसारख्या अडचणीच्या जागेसाठीच बनवला. त्या घराण्यातले स्पीकर लहान खोलीत फार शोभतात. आणि पडद्याचाच आवाज हवा असेल तर हेडफोन घे. जपानच्या स्टॅक्सने १९६० साली इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणले, आजही बनवतात. त्यांना स्वतःचा वेगळा ॲम्प लागतो, साधा हेडफोन ॲम्प चालत नाही, आणि बाहेरही आवाज सांडतो. म्हणजे जावईबापू झोपले असतील तर बाहेरच्या खोलीत बस. पण भिंतीचा, शेजाऱ्याचा, खुर्चीच्या जागेचा सगळा हिशेब त्याने मिटतो.

माझा निकाल

मागे साडेतीन फूट कायमचे सोडता येत असतील, समोर बसून ऐकायची सवय असेल, गाणं गळ्याचं आणि तारांचं असेल आणि ॲम्प दोन ओहमवर उभा राहत असेल, तर खोली दहा बाय बारा असली तरी बेधडक घे. दोघांनी ऐकायचं असेल तर वक्र पॅनेल, एकटीने ऐकायचं असेल तर चांगल्या अवस्थेतलं जुनं क्वाडही चालेल. या चारांतली एक अट तुटत असेल तर थांब आणि ती दुरुस्त होते का बघ. दोन तुटत असतील तर हेडफोन घे, उरलेल्या पैशांत एक चांगला एसी बसव. आणि तुटणारी अट साडेतीन फुटांची असेल, तर बाकीच्या तीन पूर्ण असूनही घेऊ नकोस.